कुंपण नसलेली प्रयोगशाळा

चिंचणी, जि. पालघर

चि. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. तुमच्या विज्ञानाच्या बाई नववीच्या मुलांना एखाद्या संशोधकाच्या खाजगी प्रयोगशाळेत घेऊन जायचं म्हणताहेत आणि तू विचारतेस, "आजोबा, तिथे जाऊन नक्की बघायचं काय? मागच्या सहलीत आम्ही रांगेत गेलो, रांगेत परतलो आणि भिंतीवरचे फलक वहीत उतरवून आणले." हा प्रश्न तुला पडला याचाच मला फार आनंद झाला. पुष्कळ मोठ्या माणसांनाही तो पडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. एका दमात वाचून झालं नाही तरी चालेल.

आपण राहतो तो पट्टा विज्ञानाच्या अगदी शेजारचा. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तारापूरच्या दोन अणुभट्ट्या व्यापारी वीज देऊ लागल्या आणि देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्या दाराशी उभं राहिलं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या आणखी दोन सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हेही तुला माहीत असायला हवं. बोईसरच्या एमआयडीसीत औषधं होतात, रसायनं होतात, पोलाद होतं. एवढं सगळं आजूबाजूला असून आपल्या मुलांना त्यातलं दिसतं काय? कुंपणाची तार, शिफ्टची बस, भोंगा, रात्रीचा उग्र वास आणि नाल्याच्या पाण्याचा रंग.

मी नोकरीभर गेटपास दाखवून आत जात राहिलो. इन्स्ट्रुमेंट खात्यात होतो. प्रेशर गेज, थर्मोकपल, फ्लोमीटर खरं बोलताहेत की नाही ते तपासायचं, चुकत असतील तर कॅलिब्रेट करायचं, हे माझं काम. तुझ्या बाबाला लहानपणी मी ते कधी दाखवू शकलो नाही. जिथे आम्लाच्या टाक्या आणि दाबाखालची भांडी आहेत तिथे मुलांना फिरवू नये, हा नियम योग्यच होता. पण त्यामुळे कारखान्यांच्या सावलीत वाढलेल्या दोन पिढ्यांना विज्ञान म्हणजे नोकरी एवढंच कळलं. आत कोणीतरी माणूस डोकं धरून बसलेला असतो, त्याचा अंदाज चुकतो, तो पुन्हा मोजतो, हे त्यांनी पाहिलंच नाही.

संशोधकाच्या स्वतःच्या प्रयोगशाळेला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी. तिथे दार उघडणारा आणि ज्याला प्रश्न पडला तो, हा एकच माणूस असतो. टेबलावर काहीतरी अर्धवट खोललेलं पडलेलं असतं. "हे का खोललंत?" म्हणून विचारलंस तर खरं कारण ऐकायला मिळतं. सी. व्ही. रामन निवृत्तीनंतर बंगळूरला स्वतः उभारलेल्या संस्थेत १९७० मध्ये निधन होईपर्यंत काम करत राहिले. नोबेल मिळालेला हा माणूस शाळकरी मुलं आली की आपला स्फटिकांचा आणि रत्नांचा संग्रह हौसेने दाखवायचा. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली साधे दिसणारे दगड रंगांनी उजळताना पाहिलेली मुलं ते विसरली नसतील. त्या संग्रहातला एकेक दगड त्यांनी स्वतः निवडलेला होता आणि प्रत्येकाबद्दल त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मुलांपर्यंत जे पोचलं ते हे कुतूहल.

आता आपल्या शंकर आबाजी भिसे यांचं सांगतो. २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा. चौदाव्या वर्षी त्याने घरातच दगडी कोळशापासून गॅस काढायचं साधन तयार केलं. त्याला जाऊन बघावी अशी प्रयोगशाळा कुठे मिळणार? 'सायंटिफिक अमेरिकन' हे मासिक हीच त्याची शाळा आणि तेच त्याचं वर्कशॉप. विशीत त्याने मुंबईत सायंटिफिक क्लब चालवला, लोकल गाडीसाठी स्टेशनांची नावं दाखवणारं यंत्र योजलं. डहाणू लोकलमध्ये 'पुढील स्टेशन पालघर' असं ऐकशील तेव्हा आठव, या गरजेवर सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी पोराने डोकं चालवलं होतं. किराणा माल तोलणाऱ्या यंत्राच्या एका ब्रिटिश स्पर्धेत भिशांचा आराखडा पहिला आला, दिनशा वाच्छांनी त्यांची ओळख दादाभाई नौरोजींशी करून दिली आणि ते लंडनला पोचले. तिथे त्यांनी छापखान्याचे खिळे पाडणारं यंत्र केलं, तेव्हाच्या यंत्रांहून कितीतरी वेगवान. मग भांडवल आटलं. १९०८ मध्ये ते परतले, जमशेटजींचे चिरंजीव रतन टाटा मदतीला आले, पुढे अमेरिका झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा अंत झाला.

त्यांचं चरित्र वाचताना मला सारखं वाटत राहतं की बुद्धी होती, चिकाटी होती, उणीव होती ती सोबतीची. चौदाव्या वर्षी ज्याच्या दारात जाऊन उभं राहावं, "हा व्हॉल्व्ह गळतोय, काय करू?" असं विचारावं, असं एखादं मोठं माणूस त्या मुलाला जवळ मिळालं असतं तर? मासिक उत्तरं देतं, पण उलट प्रश्न विचारत नाही.

भिसे उतारवयात एडिसनला भेटले होते. त्या एडिसनच्या मेन्लो पार्कमधल्या प्रयोगशाळेत ३१ डिसेंबर १८७९ च्या रात्री विजेचे दिवे बघायला एवढी गर्दी लोटली की रेल्वेने खास गाड्या सोडल्या. लोकांनी दिवे पाहिले, थक्क झाले, घरी गेले. दिव्याच्या आतली तार कशाची करावी यासाठी जे असंख्य पदार्थ जाळून पाहिले गेले होते, ते फसलेले तुकडे आणि त्यांच्या नोंदीच्या वह्या त्याच इमारतीत होत्या. त्या कोणी मागितल्या असतील असं वाटत नाही. तू मात्र वही माग. चालू यंत्र शेवटी बघ, आधी फसलेली यंत्रं दाखवा म्हण. संशोधकाला हे विचारणारं मूल भेटलं की त्याचा चेहरा कसा बदलतो ते बघशीलच.

आता ज्या माणसाच्या कामाकडे बघून मी बायोगॅसबद्दलच्या माझ्या सगळ्या समजुती नव्याने मांडल्या, त्यांच्याकडे येतो. डॉ. आनंद कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव. शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ, डॉक्टरेट जर्मनीतल्या ट्युबिंगनची. १९९६ मध्ये त्यांनी पुण्यात 'आरती' नावाची संस्था काढली, म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. फलटणला तिचं प्रयोगाचं शेत. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या कामाला २००२ मध्ये लंडनचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि २००६ मध्ये पुन्हा तोच पुरस्कार, या वेळी घरगुती बायोगॅससाठी. या दुसऱ्या कामामागचा विचार नीट वाच.

गोबरगॅस सगळ्यांना माहीत होता. शेणात पाणी कालवायचं, हवा न लागू देता ठेवायचं, जिवाणू शेण कुजवतात, मिथेन निघतो, चूल पेटते. कर्व्यांनी प्रश्न विचारला तो असा: हे जिवाणू शेणात आले कुठून? गाईच्या पोटातून. गाईच्या पोटात ते काय खातात? गाय जे खाते ते. गाय ढेकर देते त्यात मिथेन असतोच, म्हणजे जिवाणूंचं काम आतच सुरू झालेलं असतं. मग शेण म्हणजे काय राहिलं? गाईने आणि जिवाणूंनी कस काढून घेतल्यावर उरलेला चोथा. आपण त्या बिचाऱ्यांना चोथ्यावर ठेवतो आणि गॅस कमी येतो म्हणून तक्रार करतो! त्यांना सरळ अन्न द्या की. शिळा भात, खराब झालेलं पीठ, किडकं धान्य, बियांची पेंड. शेण लागेल ते फक्त सुरुवातीला, विरजणापुरतं.

हा विचार सुचायला महागडं यंत्र लागलं नाही. घरात उभं करायचं संयंत्रही प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्यांचं. एक मोठी, तिच्यात थोडी लहान टाकी उपडी. गॅस साठला की वरची टाकी उचलली जाते, वापरला की खाली बसते. किती गॅस आहे हे लांबूनच दिसतं. मापकाचं काम टाकी स्वतःच करते, हे मला फार आवडलं. गेज नेहमी असंच असावं, ज्याला खोटं बोलायला जागाच नाही.

संस्थेने मांडलेला हिशेब असा: दोन किलो पिष्टमय खाद्यापासून एका दिवसात साधारण अर्धा किलो मिथेन. शेणावर तेवढ्यासाठी चाळीस किलो शेण आणि चाळीस दिवस. आकडा ऐकला की थक्क व्हायच्या आधी पेन्सिल घे. स्टार्चच्या एका घटकाला पाण्याचा एक रेणू मिळाला की जास्तीत जास्त तीन रेणू मिथेन आणि तीन रेणू कार्बन डायऑक्साइड होऊ शकतात. वजनात मांडलं तर १६२ ग्रॅम स्टार्चमागे ४८ ग्रॅम मिथेन. म्हणजे दोन किलोमागे कमाल ५९० ग्रॅमच्या आसपास. निसर्ग याहून एक ग्रॅम जास्त देणार नाही. अर्धा किलो हा आकडा त्या मर्यादेच्या आत बसतो. थोडा चढा वाटला तरी अशक्य नाही. मग पुढचे प्रश्न सुचतात: खाद्य कोरडं तोललं की ओलं? गॅसमधला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे मोजले का? थंडीत किती येतो? असे प्रश्न घेऊन जे मूल प्रयोगशाळेत जातं, त्याला तिथे बसायला खुर्ची मिळते.

आणि हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. बोईसरच्या खानावळींत रोज किती भात उरतो ते बघ. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यासाठी 'निसर्गऋण' हे बायोगॅस संयंत्र घडवलं, म्हणजे कुंपणाच्या आतल्या शास्त्रज्ञानेही जवळपास तोच प्रश्न हाती घेतला होता. एकाच प्रश्नाकडे दोघांनी कसं पाहिलं हे शोधून काढायला तुम्हाला एक अख्खी सुट्टी पुरेल.

नुसतं बघण्याने किती होतं याबद्दलही बोलायला हवं. इथे मला डॉ. श्रीनाथ कलबाग आठवतात. अमेरिकेत इलिनॉयला डॉक्टरेट केलेला, अंधेरीच्या हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर काम करणारा माणूस सगळं सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळला गेला. पाबळ अवर्षणग्रस्त, कुठल्याही चार गावांसारखं, म्हणूनच त्यांनी ते निवडलं. तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभारला आणि त्यात घेतली ती शाळा सुटलेली, नापास झालेली मुलं. ती मुलं वेल्डिंग शिकली, विहिरीचं पाणी शोधायला जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकली, लोखंडी सांगाड्याचे घुमट बांधायला शिकली. आश्रमाजवळ राहणाऱ्या लोकांची खरी कामं हाच अभ्यासक्रम. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने आपल्या देशाबाहेर 'फॅब लॅब' काढायला सुरुवात केली तेव्हा अगदी पहिल्यांत पाबळचं नाव होतं. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

पाबळमुळे माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते तुमच्या बाईंना पटेल की नाही मला माहीत नाही. पन्नास मुलांची बस भरून एक तास प्रयोगशाळा दाखवण्यापेक्षा आठ-दहा मुलांनी दिवसभर जावं, आणि त्यातल्या तिघा-चौघांनी महिन्याभराने पुन्हा जावं. पहिल्या भेटीत संशोधक पाहुणचार करतो. दुसऱ्या भेटीत तो काम सांगतो. हे स्क्रू आकारानुसार लाव, हे तापमान दर दहा मिनिटांनी लिही. कंटाळवाणं वाटतं खरं, पण सलग दोन तास तापमान लिहिणाऱ्या मुलीला आलेखाची रेषा कुठे वाकली हे त्या माणसाच्याही आधी दिसू शकतं. राहिलेल्या चाळीस मुलांचं काय, असं बाई विचारतील. त्यांना वेगळ्या दिवशी न्या, वेगळ्या ठिकाणी न्या. सगळ्यांनी एकच दार ठोठावलं पाहिजे असं थोडंच आहे.

आता जरा नाजूक गोष्ट. खाजगी प्रयोगशाळेवर कोणाची देखरेख नसते. तीच तिची मोकळीक आणि तोच तिचा धोका. कधी तुला असाही माणूस भेटेल जो सांगेल, "माझं यंत्र घेतं त्यापेक्षा जास्त वीज देतं." अशा यंत्रांचे दावे फार जुने आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच ठरवलं की निरंतर चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव आम्ही यापुढे तपासणार नाही. तू अशा माणसाची टिंगल करायची नाहीस. त्याने आयुष्याची वर्षं त्यात घातलेली असतात, त्याचं हातकाम अनेकदा अप्रतिम असतं, आणि मोटरची वाइंडिंग कशी करतात हे तो तुला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगलं शिकवेल. पण विचारायचं: तुम्ही मोजलंत कसं?

माझा सगळा जन्म मोजण्यात गेला म्हणून हे तुला सांगण्याचा हक्क मी घेतो. ए.सी. विजेत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खर्च झालेले वॅट असं दरवेळी होत नाही. दोघांच्या लाटा एकाच वेळी चढत-उतरत नसतील तर खरे वॅट त्या गुणाकाराहून कमी भरतात. मोटर आणि कपॅसिटर असले की हे हमखास होतं. लाट वेडीवाकडी असली तर साधा क्लॅम्प मीटर भलतंच काही दाखवतो. आत जाणारी वीज एका पद्धतीने मोजली आणि बाहेर येणारी दुसऱ्या, तर कागदावर चमत्कार घडतो. माणूस खोटारडा नसतो, मीटर चुकीचा निवडलेला असतो. अशा वेळी नम्रपणे म्हणायचं, "काका, यातून निघालेली वीज यालाच परत देऊन भिंतीतला प्लग काढून बघूया का?" यंत्र चालत राहिलं तर आपण सगळेच नवं काही शिकू. थांबलं तर का थांबलं हे त्यांच्याबरोबर बसून शोधायचं. दोन्ही वेळा भेट सत्कारणी लागते.

हाच प्रश्न कर्व्यांच्या टाकीलाही विचारायचा, अणुभट्टीच्या तक्त्यालाही, आणि आपल्या नाल्याचं पाणी शुद्ध करून सोडतो म्हणणाऱ्यालाही. मोजलंत कसं, कुठे, कधी, कोणत्या उपकरणाने, ते उपकरण शेवटचं कधी तपासलं होतं? आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला हा प्रश्न न घाबरता विचारता आला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. नवापूरच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाला तर सगळ्यात आधी.

काही रीतभात. मोबाइल बाहेर काढायच्या आधी परवानगी घे आणि रील तर मुळीच टाकू नकोस. आपल्याकडे पेटंटचा कायदा १९७० चा आहे. पेटंटसाठी वस्तू नवी असावी लागते, आणि अर्ज करण्याआधीच ती जगजाहीर झाली तर तिचं नवेपण गेलं असं धरलं जाऊ शकतं. तुमच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने एखाद्याची दहा वर्षांची मेहनत मातीमोल होऊ शकते. अर्ज झालेला असेल तर संशोधक स्वतःच म्हणेल, काढा फोटो. वहीत चित्र काढायची परवानगी मात्र जरूर माग. हाताने काढलेल्या चित्रात नट कुठल्या बाजूने आहे हे बघावंच लागतं, फोटोत ते निसटतं. केस बांधून जा, ओढणी नको, पायात बंद बूट. काही सांडलं तर पुसायला धावू नकोस, आधी सांग. एमआयडीसीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागू नये, तरी सांगतो.

तू विचारलंस की पुणे, फलटण लांब पडतं, जवळ काही आहे का. आहे. आपल्या चिंचणीत आणि आजूबाजूच्या गावांत घरोघरी डाय बनतात हे तू लहानपणापासून ऐकतेस, पण कधी तासभर बसून पाहिलं आहेस का? दागिन्यांची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी आणि खोल कोरायची, म्हणजे पत्रा दाबल्यावर ती सुलटी आणि उठावदार उमटते. कारागीर कोरतो, छाप घेऊन बघतो, पुन्हा कोरतो. आता कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रंही आली आहेत, तरी शेवटचा हात माणसाचाच. त्यातले काही जण आपली हत्यारं स्वतः घडवतात, धार कशी द्यायची याचे त्यांचे स्वतःचे प्रयोग असतात. कोणी त्यांना संशोधक म्हणत नाही. तुमच्या बाईंना सांग, पहिली भेट इथेच ठेवा. एसटीने येता येईल, खर्च तिकिटाचा, आणि जेवायला आपल्याकडे.

दुसरं ठिकाण कोसबाड. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही, आपली रचना बदलली. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. शंख, शिंपले, बिया, पानं हीच गणिताची साधनं. आज देशभर गावोगावी जी अंगणवाडी दिसते तिचं मूळ या प्रयोगात आहे. अंदाज केला, करून पाहिलं, फसलं, का फसलं ते शोधलं, पुन्हा मांडलं. यंत्र नव्हतं एवढाच फरक. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी प्रयोगशाळा तीच, आणि तिला कधी कुंपण नव्हतं.

आता तू करायचं ते. संशोधकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा तू कर, बाईंना करायला लावू नकोस. किती मुलं, कोणत्या इयत्तेची, आधी काय वाचलं आहे, आणि तुमचे पाच प्रश्न, एवढं एका पानात. 'मार्गदर्शन करावे' असं लिहू नकोस, सगळेच तसं लिहितात. नेमकं काय बघायचं आहे ते लिही. तुमच्या वेळेत येऊ, सांगाल ते काम करू, आणि काय पाहिलं त्याचा अहवाल महिन्याभरात पाठवू, असं लिही आणि अहवाल खरंच पाठव. बहुतेक शाळा तो पाठवत नाहीत. पाठवला की पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी ते दार उघडं राहतं.

जायच्या आधी आपण घरी एक छोटा प्रयोग करून ठेवू. सारख्या मापाच्या तीन बाटल्या. पहिलीत शेणकाला आणि पाणी. दुसरीत तेवढाच शेणकाला आणि भाताची पेज. तिसरीत तोच शेणकाला आणि दुसरीच्या चौपट पेज. तोंडाला फुगे, अंगणात सावलीत, आगीपासून लांब. सुरुवातीच्या गॅसमध्ये बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो, तो चुन्याच्या निवळीतून सोडला की निवळी दुधाळ होते. गॅस पेटवून बघायचा नाही, हवेत मिसळलेला मिथेन भडकतो. तिसऱ्या बाटलीत गॅस सगळ्यात जास्त येईल असं तुला वाटेल. माझा अंदाज असा की एकदम एवढं खाद्य पडल्यावर आतलं आम्ल वाढेल, मिथेन करणारे जिवाणू दबतील आणि ती बाटली आंबट होऊन बसेल. तू तुझा अंदाज आधी लिहून ठेव, मी माझा लिहितो. फुग्यांचा घेर रोज सकाळी एकाच वेळी मोजायचा, दोरा आणि पट्टी घेऊन, आणि मोजणार तू.

शेणाची सोय मी केली आहे. लिटमस कागद आणि चुन्याची निवळी शाळेतून मागून आण. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने निघालीस तर बोईसर स्टेशनवर मी घ्यायला येतो. मसुदा आणि पाच प्रश्न बरोबर आण.

तुझे,
आजोबा